नकाशा मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नका

पावसाळा सुरू झाल्यापासून गोल्फ कोर्स राखणाऱ्या वाचक-सुपरिंटेंडेंटांची जी पत्रे येत आहेत, त्यांत क्लब वेगवेगळे, तक्रार एकच. ग्रीनवर पाणी साचले आहे, मुख्य ड्रेन फ्लश करायची आहे आणि ती कुठून जाते हे कोणालाच ठाऊक नाही. डिझाइन करणाऱ्या नामांकित खेळाडूच्या कंपनीने दिलेली रंगीत चित्रे क्लबहाउसच्या भिंतीवर आहेत. ॲज-बिल्ट नकाशे मात्र कुणी दिलेच नाहीत. एका वाचकाला ऐन जुलैत ग्रीनच्या कडेने चर खणत आउटलेट शोधावे लागले. व्हॉल्व्हची तीच कथा.

व्यावसायिक खेळाडूंनी कोर्स आखण्याला आमचा विरोध नाही. आपल्याकडे दिल्लीचा लोधी कोर्स आधी पीटर थॉमसन आणि २०१९मध्ये गॅरी प्लेअर यांनी नव्याने आखला. अहमदाबादजवळचा केन्सव्हिल जीव मिल्खा सिंग यांचा. ओल्ड टॉम मॉरिस यांनी चार वेळा ओपन जिंकली, तेव्हा ते नोकरीने ग्रीनकीपरच होते. डोनाल्ड रॉसही डॉर्नॉकला ग्रीन सांभाळून अमेरिकेत गेले. आखणारा आणि राखणारा तेव्हा एकच होता. आता ते दोघे वेगळे झाले आहेत आणि करारात राखणाऱ्याला जागाच उरलेली नाही.

करार वाचून पाहा. खेळाडू किती वेळा येणार, उद्‌घाटनाला कोणासोबत खेळणार, त्याचे नाव कुठे छापणार, हे सगळे कलमवार असते. ड्रेनेजची खोली, रूटझोनच्या वाळूचा चाचणी अहवाल, बंकरच्या उभ्या कडेची वाळू पहिल्याच सरीत खाली आल्यावर ती पुन्हा चढवायला लागणारे मजूर, यांबद्दल एक ओळ नाही. मग समिती वर्षभर स्टिम्प ११ मागते. साडेतीन-चार टक्के उताराच्या ग्रीनवर त्या वेगात पिन लावायची कुठे? ते डिझाइनरला कोणी विचारत नाही, सुपरिंटेंडेंटला मेमो मिळतो.

खेळाडूला देखभालीची जाण असली की काय होते, हे पाइनहर्स्ट क्रमांक २वर दिसले. २०१० ते ११मध्ये बेन क्रेनशॉ आणि बिल कूर यांनी रॉस यांचा तो कोर्स पूर्ववत करताना स्प्रिंकलर सुमारे ११५० वरून ४५० वर आणले. २०१४मध्ये तिथे पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली.

पण दोष फक्त समित्यांचा नाही. आपल्यातलेच कित्येक जण नकाशा न मागता हस्तांतरणाच्या कागदावर सही करतात आणि पुढची दहा वर्षे अंदाजाने खणतात. हे थांबवा. डिझाइनच्या पहिल्या बैठकीला खुर्ची मागा. खडी टाकण्याआधी प्रत्येक ग्रीनच्या पोकळीचे आणि नळ्यांचे मोजपट्टीसह फोटो काढा. ॲज-बिल्ट नकाशा, व्हॉल्व्हची यादी आणि वाळूचा अहवाल हाती येईपर्यंत ताब्याच्या कागदावर सही करू नका. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ताही तोवर अडवायला लावा. ज्यांच्या करारात असे कलम आहे त्यांनी ते नावे गाळून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकात त्यांवरून एक नमुना मसुदा छापू. तो सरळ आपल्या समितीच्या टेबलावर ठेवा.