कागदवाल्या गव्हर्नरांचे मौन

सार्वजनिक जीवनात वक्तृत्वाचे स्तोम माजले की मितभाषी पुरुषांविषयी आपणांस सहजच आदर वाटू लागतो. परंतु मौन हे सर्वच ठिकाणी सारखे स्पृहणीय असते काय, हा प्रश्न मॅसॅच्युसेट्स संस्थानाचे १९०० ते १९०३ या काळातील गव्हर्नर विन्थ्रॉप मरे क्रेन यांचे चरित्र पाहताना माझ्या मनात वारंवार उद्भवतो.

क्रेन हे डाल्टन गावच्या कागद-कारखानदार घराण्यातले. आजोबांनी १८०१ साली स्थापलेल्या या कारखान्यात सुती व लिननच्या चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून, चिवट कागद काढीत. आणि १८७९ साली सव्विशीतल्या या नातवाने चलनी नोटांसाठी लागणाऱ्या, रेशमी धागे घातलेल्या कागदाचा सरकारी मक्ता मिळविला, तेव्हापासून अमेरिकेतील गरीब-श्रीमंत सर्वांच्या खिशात क्रेन घराण्याचा माल जाऊन बसला.

राजकारणात शिरल्यावर बोलणे थोडे आणि समेट फार, हाच त्यांचा शिरस्ता राहिला. ३ सप्टेंबर १९०२ रोजी पिट्सफील्ड येथे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घोडागाडीवर विजेची ट्राम आदळली. अंगरक्षक विल्यम क्रेग ठार झाला, अध्यक्षांच्या पायाला इजा झाली, आणि त्याच गाडीत बसलेले क्रेन मात्र बचावले. पुढे पेनसिल्व्हेनियातील दीड लाखाच्या घरातील खाणमजुरांचा संप चिघळून, कोळशावाचून हिवाळा कसा काढावा अशी चिंता शहरांना पडली असता, मालक व मजूर या उभय पक्षांना समक्ष बोलवावे, असा सल्ला क्रेन यांनी रूझवेल्टना दिला. ३ ऑक्टोबरची ती बैठक, चाकांच्या खुर्चीतील अध्यक्षांच्या देखत, मालकांच्या मग्रुरीने फिसकटली खरी. तथापि महिना संपण्यापूर्वीच लवाद नेमला जाऊन संप मिटला. अशा वाटाघाटींत ओठ मिटून बसणारा गृहस्थच कामाचा, हे निर्विवाद.

कायदेमंडळाची गोष्ट निराळी. रूझवेल्टनी देऊ केलेले खजिन्याचे मंत्रिपद क्रेन यांनी नाकारले, त्यामुळे आपल्याच मालाचे गिऱ्हाईक होण्याचा प्रसंग टळला, हे उत्तम झाले. पण १९०४ ते १९१३ पर्यंत ते सिनेटमध्ये बसले, जेथे त्याच खजिन्याच्या खर्चास मंजुरी मिळे. आणि तेथेही त्यांची ख्याती पडद्याआडच्या सल्लागाराचीच राहिली. त्यांनी काही गैर केले, असा आरोप मी करीत नाही. परंतु सरकारचा मक्तेदार जेव्हा लोकांचा प्रतिनिधी होतो, तेव्हा आपले हितसंबंध कोठे गुंतले आहेत हे भर सभेत बोलून दाखविण्याची जबाबदारी इतरांहून त्याच्यावरच अधिक. आणि म्हणून संपाच्या वेळचे क्रेन यांचे जे मौन मला वंदनीय वाटते, तेच सिनेटच्या आसनावर खटकते.