आधी नियम, मग नेम

नेमबाजीत महाराष्ट्राने जगात नाव मिळविले आहे. २०१० साली म्युनिक येथे तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या ठरल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकाविले. खेड्यातील मुलगा तेथवर पोहोचू शकतो हे दिसल्यावर मंद्रूपसारख्या गावातील निवासी शाळेतही एअर रायफलचे प्रशिक्षण असावे, असे माजी विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर, ज्या वास्तूत रोज पंचशील म्हटले जाते तेथे बंदूक कशाला, हा पालकांचा प्रश्नही तितकाच रास्त आहे. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पदकांत नाही, ते शूटिंग रेंजच्या नियमांत आहे.

हे नियम काय सांगतात? बंदूक रिकामी असली तरी ती भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच असावे. आज्ञा होईपर्यंत छर्रा भरू नये, नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवू नये. वापर नसताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग असावा. रेषेपुढे कोणी गेले असेल तर शस्त्राला कोणीही हात लावू नये. ‘स्टॉप’ असा शब्द कानी पडताच, नेम कितीही साधलेला असो, थांबावे.

शिष्टाचार याच्याही पुढे जातो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. शेजाऱ्याचा धक्का, मोबाईलचा आवाज किंवा मागून केलेली शेरेबाजी एवढ्यानेही कोणाचे वर्षभराचे श्रम वाया जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्याच्या एकाग्रतेची राखण करणे हे प्रत्येक नेमबाजाचे कर्तव्य मानले जाते.

नियम केवळ नवशिक्यांसाठी असतात, हा समजही खरा नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, कुसाळे यांच्याच प्रकारात, अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपूर्वी आघाडीवर होते. ती गोळी त्यांनी शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर झाडली. गुण शून्य मिळाले आणि सुवर्णपदकाच्या जागी आठवा क्रमांक हाती आला. आपल्या लक्ष्याचा क्रमांक पाहून घ्यावा, एवढा साधा नियम जगातील श्रेष्ठ नेमबाजालाही सोडत नाही.

आपल्याकडे मात्र बंदुकीची पहिली ओळख होते ती जत्रेतील फुग्यांच्या दुकानात. तेथे रेटारेटीत नळी कोणाच्याही अंगावर वळते. हीच सवय शाळेत शिरली तर डोळा गमावण्यास एक छर्रा पुरेसा आहे. उद्घाटनास आलेले पाहुणे छायाचित्रासाठी रायफल हाती घेऊन नळी सभेकडे वळवितात तेव्हा त्यांना कोण थांबविणार? जी शाळा त्यांना नम्रपणे थांबवू शकत नाही, तिने रेंज उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून देणगीदार बांधवांना विनंती आहे की रायफलींच्या आधी जाणकार प्रशिक्षकाची, कुलुपाच्या कपाटाची आणि नोंदवहीची तरतूद करावी. मराठीतील नियमफलक प्रथम भिंतीवर लागावा. आरंभीचे काही दिवस मुलांनी छर्रा न भरता केवळ आज्ञापालनाचा सराव करावा. धोका दिसताच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत लहान विद्यार्थ्यालाही असावा, आणि तो शब्द ऐकून मुख्याध्यापकांनीही थांबावे. असे घडले तर हाती शस्त्र असूनही संयम कसा राखावा हे मुले शिकतील आणि पालकांच्या प्रश्नालाही कृतीतून उत्तर मिळेल.