डासांसाठी सापळा

उंदरांचा पिंजरा सर्वांच्या परिचयाचा आहे. डासांसाठीही घरी सापळा करता येतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डेंग्यू पसरविणारी एडिस इजिप्ती डासाची मादी दिवसा चावते. अंडी ती पाण्याच्या कडेलगत, भांड्याच्या ओलसर भिंतीवर घालते. काळपट रंग आणि खरबरीत पृष्ठभाग तिला विशेष प्रिय. या आवडीचाच उपयोग करून घ्यावयाचा.

काळा डबा अर्धा पाण्याने भरावा, आतल्या कडेला जाड्याभरड्या कापडाची पट्टी लावावी व तो सावलीत जमिनीलगत ठेवावा. दर आठवड्यास, वार ठरवून, पाणी कोरड्या मातीवर ओतावे, पट्टी उकळत्या पाण्यात बुडवावी आणि डबा काथ्याने घासावा. घासणे महत्त्वाचे; कारण ही अंडी कोरड्या भिंतीवरही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच त्यांतून अळ्या निघतात.

अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. सापळ्याचा विसर पडला, की तोच डासांचे पाळणाघर! ज्या घरी ठरलेला वार पाळला जाणार नाही, तेथे तो न ठेवणेच बरे. सिंगापूरमध्ये २०१७ पासून वस्त्यावस्त्यांतून लावलेल्या सापळ्यांना आतून चिकट थर असतो. त्यात मादीच अडकते. तरीही त्यांची नियमित तपासणी करावीच लागते.

आणि घरात कूलर, उघडे पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या भरलेल्या असतील, तर मादी आपल्या डब्याकडेच का वळावी? कूलर व ताटल्या आधी कोरड्या कराव्यात, पिंपावर घट्ट झाकण घालावे; मग सापळा मांडावा.