फायनल सिनरने मारली, मग नंबर वन अल्काराझ कसा काय?

१६ नोव्हेंबरच्या रविवारी इटलीतल्या तुरिन शहरात एटीपी फायनल्सचा शेवटचा सामना झाला. एका बाजूला इटलीचा यानिक सिनर, दुसऱ्या बाजूला स्पेनचा कार्लोस अल्काराझ. सिनरने ७-६, ७-५ असा सामना काढला. घरच्या प्रेक्षकांसमोर सलग दुसऱ्या वर्षी चषक उचलला, आणि तोही अख्ख्या स्पर्धेत एकही सेट न गमावता. सोमवारी जागतिक क्रमवारी आली. पहिलं नाव अल्काराझचं.

टेनिस रोज न बघणाऱ्या माणसाला हे वाचून वाटणारच, की हा काय प्रकार आहे? वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम आठ जण एकत्र आणायचे, त्यातला एक सगळ्यांना हरवतो, फायनलमध्ये समोरच्या नंबर वनलाही हरवतो, आणि तरी वर्षअखेरचा नंबर वन तो नाही. मग ही स्पर्धा खेळवायची कशाला?

त्यात पुन्हा गंमत अशी, की नंबर वनचा निकाल फायनलच्या तीन दिवस आधीच लागला होता. गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, एका साखळी सामन्यात. त्या सामन्यात सिनर खेळतही नव्हता.

हे गणित समजून घ्यायचं, तर आधी टेनिसची क्रमवारी कशी चालते ते बघावं लागतं. ते फार अवघड नाही.

टेनिसची क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांची वही. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० गुण, मास्टर्स जिंकली की १०००, त्याखाली ५०० आणि २५० च्या स्पर्धा. पुण्यात बालेवाडीला काही वर्षं महाराष्ट्र ओपन व्हायची, ती २५० वाली. हरणाऱ्यालाही तो जिथवर पोचला त्या हिशोबाने गुण मिळतात, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या उपविजेत्याला १३००. हे गुण बरोबर एक वर्ष खात्यावर राहतात. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा आली, की जुने गुण पुसले जातात आणि नवे लिहिले जातात. मागच्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदाही जिंकली, तर एकूण गुण आहे तिथेच राहतात. हरलात, तर खाली येता.

म्हणूनच टेनिसमध्ये 'गुण डिफेंड करणं' हा शब्द सारखा ऐकू येतो. गेल्या वर्षीचं यश ही यंदाची उधारी असते.

दुसरी गोष्ट, या वहीत कोणी कोणाला हरवलं याची नोंद नसते. नंबर वनला हरवलं म्हणून जादा गुण मिळत नाहीत. फायनलमध्ये समोर अल्काराझ असो की पन्नासाव्या नंबरचा खेळाडू, विजेत्याला तेवढेच.

एटीपी फायनल्सचे गुण थोडे वेगळे मोजतात. साखळीतला प्रत्येक विजय २०० गुणांचा, असे तीन सामने. उपांत्य सामना जिंकला की ४००, फायनल जिंकली की ५००. एकही सामना न हरता जिंकलात, तर १५००. वर्षाची ही शेवटची मोठी स्पर्धा असल्याने ती संपली की खात्यावर फक्त त्याच वर्षाचे गुण उरतात. वर्षअखेरचा नंबर वन म्हणजे जानेवारी ते नोव्हेंबर या काळात सगळ्यात जास्त गुण कमावणारा माणूस, एवढा सरळ अर्थ.

आता नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काय झालं ते बघा. २ नोव्हेंबरला सिनरने पॅरिस मास्टर्स जिंकली. तिथे अल्काराझ पहिल्याच सामन्यात ब्रिटनच्या कॅमरन नॉरीकडून हरला होता. ३ तारखेच्या क्रमवारीत सिनर ११,५०० आणि अल्काराझ ११,२५०. सिनर नंबर वन! बातम्या झाल्या, फोटो फिरले.

पण त्या ११,५०० मध्ये २०२४ च्या तुरिन विजेतेपदाचे १५०० गुण होते, आणि त्यांची वर्षाची मुदत संपत आली होती. अल्काराझने २०२४ मध्ये तिथे एकच सामना जिंकला होता, त्यामुळे त्याचे फक्त २०० जाणार होते. १० नोव्हेंबरला जुने गुण पुसले गेले आणि आकडे झाले अल्काराझ ११,०५०, सिनर १०,०००. एकही चेंडू न हरता सिनर आठवड्याभरात खाली आला.

म्हणजे तुरिनमध्ये सिनरसाठी मर्यादा आधीच ठरलेली होती. त्याने सगळं जिंकलं तरी १०,००० अधिक १५००, म्हणजे ११,५००. त्याच्या हातात एवढंच होतं. बाकीचं अल्काराझच्या हातात.

अल्काराझने ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स डी मिनॉरला हरवलं. मग अमेरिकेच्या टेलर फ्रिट्झकडून पहिला सेट गमावूनही सामना वाचवला. दोन विजय, ४०० गुण, एकूण ११,४५०. सिनरच्या कमाल आकड्यापेक्षा फक्त ५० ने कमी. तिसरा सामना इटलीच्या लोरेन्झो मुसेट्टीशी होता. नोव्हाक जोकोविचने माघार घेतली म्हणून मुसेट्टीला या स्पर्धेत जागा मिळाली होती. इटलीचं स्टेडियम, इटलीचा खेळाडू, आणि तो जिंकला तर उपांत्य फेरी त्याची आणि नंबर वनची शर्यत दुसऱ्या इटालियनसाठी जिवंत. यापेक्षा चांगली पटकथा यजमानांना मिळाली नसती.

अल्काराझने ६-४, ६-१ असा तासा-दीड तासात विषय संपवला. ११,६५०. आता सिनरने काहीही केलं तरी फरक पडणार नव्हता.

मग रविवारची फायनल कशाची होती? चषकाची, पैशांची आणि मानाची. पैसेही थोडेथोडके नाहीत, अपराजित विजेत्याला ५० लाख ७१ हजार डॉलर. पण नंबर वनची नाही. वर्षाचा शेवटचा हिशोब झाला अल्काराझ १२,०५० आणि सिनर ११,५००. फरक ५५०.

हे ५५० गुण नेमके कुठे गेले, हा खरा मुद्दा आहे. उत्तर तुरिनमध्ये सापडत नाही.

सिनरने वर्षभरात १२ स्पर्धा खेळल्या, अल्काराझने १६. सिनरचं प्रगतिपुस्तक वाचलं तर डोळे विस्फारतात. ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, विम्बल्डन जिंकली, फ्रेंच आणि यूएस ओपनमध्ये फायनल. रोम आणि सिनसिनाटीत फायनल. बीजिंग, व्हिएन्ना, पॅरिस आणि तुरिन जिंकल्या. बारापैकी दहा स्पर्धांमध्ये हा माणूस फायनलला होता. उरलेल्या दोन म्हणजे हॅले आणि शांघाय, प्रत्येकी ५० गुण. शांघायला तर पायात गोळे आल्यामुळे त्याला सामना अर्धवट सोडून कोर्टाबाहेर जावं लागलं.

अल्काराझचं प्रगतिपुस्तक जास्त माणसासारखं आहे. फ्रेंच आणि यूएस ओपन, माँटे कार्लो, रोम, सिनसिनाटी, रॉटरडॅम, क्वीन्स, टोकियो अशी आठ विजेतेपदं. आणि त्याच वहीत मायामी १० गुण, पॅरिस १० गुण. मायामीला त्याला बेल्जियमच्या डेव्हिड गॉफँने पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं होतं. प्रत्येक स्पर्धेमागची सरासरी काढली, तर सिनर पुढे आहे. साधारण ९५८ विरुद्ध ७५३. पण टेनिसमध्ये सरासरी नाही, बेरीज चालते.

सिनर कमी का खेळला, याचं मोठं कारण म्हणजे ९ फेब्रुवारी ते ४ मे अशी तीन महिन्यांची बंदी. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबोल नावाचं बंदी असलेलं द्रव्य अत्यल्प प्रमाणात सापडलं होतं. त्याच्या फिजिओने स्वतःच्या जखमेवर एक स्प्रे मारला आणि त्याच हातांनी मालिश केल्यामुळे ते शरीरात गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. स्वतंत्र लवादाने त्याला दोषमुक्त केलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडाने त्याविरुद्ध अपील केलं, आणि शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये समझोता झाला. त्याचा फसवणुकीचा हेतू नव्हता हे वाडाने मान्य केलं, पण आपल्या माणसांच्या चुकीची जबाबदारी खेळाडूवर येते, या तत्त्वावर तीन महिने त्याला बाहेर बसावं लागलं.

सोशल मीडियावर या मुद्द्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, बंदी नसती तर नंबर वन सिनरच. दुसरा म्हणतो, तीन महिने फार कमी झाले, वर नंबर वनच्या गप्पा कसल्या?

पहिल्या गटाच्या बोलण्यात दम आहे, हे आकडेच सांगतात. बंदीच्या काळात इंडियन वेल्स, मायामी, माँटे कार्लो आणि माद्रिद या चार मास्टर्स स्पर्धा झाल्या. तेवढ्या काळात अल्काराझने १,८४० गुण कमावले, सिनरने शून्य. वर्षअखेरचा फरक ५५०. सिनरचा फॉर्म बघता चार मास्टर्समध्ये मिळून ५५० पेक्षा जास्त गुण त्याला अवघड गेले नसते.

पण हे गणित एकाच बाजूने मांडून चालत नाही. अल्काराझही दुखापतीमुळे माद्रिद आणि शांघाय खेळला नाही. आणि समोरासमोर? २०२५ मध्ये दोघे सहा वेळा भिडले, सहाही वेळा फायनलमध्ये. अल्काराझ ४, सिनर २. रोम, पॅरिसची लाल माती, सिनसिनाटी, न्यूयॉर्क हे अल्काराझचं. विम्बल्डन आणि तुरिन सिनरचं. सिनसिनाटीत आजारी सिनरने ०-५ वर सामना सोडला, तो बाजूला ठेवला तरी अल्काराझचं पारडं जड राहतं. माझ्या मते नंबर वन योग्य माणसाकडे गेला, आणि बंदस्त छताखालच्या वेगवान कोर्टवर आज सिनर त्याच्यापेक्षा सरस आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

या ५५० गुणांचा पत्ता बंदीपेक्षाही एका विशिष्ट ठिकाणी सापडतो, असं मला वाटतं. ८ जून, पॅरिस, फ्रेंच ओपनची फायनल. सिनर दोन सेट एक असा पुढे. चौथ्या सेटमध्ये ५-३, अल्काराझची सर्व्हिस, ०-४०. सलग तीन चॅम्पियनशिप पॉइंट. यातला एक घेतला असता, तर सिनरला १३०० ऐवजी २००० आणि अल्काराझला २००० ऐवजी १३०० मिळाले असते. बाकी सगळं वर्ष आहे तसंच धरून बेरीज करा. सिनर १२,२००, अल्काराझ ११,३५०. तिन्ही पॉइंट गेले, सेट गेला, आणि ५ तास २९ मिनिटांनी पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये सामना गेला. तुरिनमधल्या पाचही विजयांचे मिळून १५०० गुण होते. पॅरिसमधल्या त्या एका पॉइंटवर १४०० गुणांचा उलटफेर टांगलेला होता.

शेवटच्याच सामन्यावर सगळं ठरलं, असंही कधीकधी होतं. २०१६ मध्ये लंडनला अँडी मरे आणि जोकोविच फायनलला उतरले तेव्हा जो जिंकेल तोच वर्षाचा नंबर वन, असा सरळ हिशोब होता. मरेने ६-३, ६-४ असा तो जिंकला. २००० मध्ये लिस्बनला तर ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने उपांत्य फेरीत पीट सॅम्प्रस आणि फायनलमध्ये आंद्रे अगासीला हरवून मराट साफिनच्या हातातून नंबर वन काढून घेतला. साफिन उपांत्य फेरीतच बाद झाला होता, त्यामुळे त्याला फक्त बघत बसायचं होतं. उलट २०२२ मध्ये अल्काराझ दुखापतीमुळे फायनल्स खेळलाच नाही, तरी १९ व्या वर्षी वर्षअखेरचा नंबर वन झाला.

२०२५ मध्ये महिलांच्या स्पर्धेतही हेच झालं. रियाधला एलेना रायबाकिनाने फायनलमध्ये अरिना सबालेंकाला हरवलं, आणि वर्षाची नंबर वन राहिली सबालेंकाच.

एक गोष्ट या सगळ्या आकड्यांत हरवून जाते. २०२५ च्या अखेरीस तिसऱ्या नंबरवर असलेल्या अलेक्झांडर झ्वेरेव्हचे गुण सिनरच्या निम्मेही नव्हते. २०२४ आणि २०२५ मधली आठही ग्रँड स्लॅम या दोघांनीच वाटून घेतली, प्रत्येकी चार. त्यामुळे नंबर वनची शर्यत म्हणजे तेव्हा दोघांच्या वह्यांची तुलना होती, तिसऱ्याची वही कोणी उघडतही नव्हतं.

पुढचा अंक होता जानेवारी २०२६ मध्ये मेलबर्नला. तिथे सिनरला २०२५ चे २००० गुण राखायचे होते. अल्काराझ २०२५ मध्ये तिथे उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचकडून हरला होता, त्याचे जाणार होते फक्त ४००. म्हणजे सिनर पुन्हा जिंकला असता तरी त्याचे गुण वाढणार नव्हते, आणि अल्काराझ एक फेरी पुढे गेला तरी त्याचे वाढणार होते. मात्र फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत चित्र अगदी उलटं होतं. बंदीमुळे सिनरच्या वहीत तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पुसलं जाण्यासारखंही काही नव्हतं. जे मिळेल ते निव्वळ जमा. अल्काराझला मात्र त्याच आठवड्यांत १,८४० गुण राखायचे होते, आणि त्यातले १००० एकट्या माँटे कार्लोचे.