उसातला गांजा आणि बांधावरची अंबाडी

मी पोलीस पाटील होतो तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबरातलं ऊन होतं आणि ऊस डोक्याच्या वर गेला होता. पोलिसांच्या पथकाबरोबर पंच म्हणून सरीत शिरलो. पाचट तुडवत बरंच आत गेलो, तर मधेच ऊस काढून जागा मोकळी केलेली आणि तिथं पुरुषभर उंचीची झाडं. वास उग्र. शेंड्याला हात लागला तर बोटं चिकट झाली, घरी येऊन राखेनं घासावी लागली. सोबतचा शिपाई म्हणाला, "पाटील, ही तर अंबाडीच की." खरंच तसं वाटावं अशीच पानं, बोटं पसरल्यासारखी, कडेला दाते. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे, म्हणजे भांगेसारखी.

ज्याच्यावर गांजाचा गुन्हा दाखल झाला तो वाट्यानं जमीन करणारा. बी आणून देणारा आणि माल उचलणारा, दोघंही पंचनाम्यात कुठं आले नाहीत. झाडं मुळासकट उपटली, मुळाच्या काळ्या मातीसकट काट्यावर चढवली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांपासून सुटलेली नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. शिवाय वजन 20 किलोच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण धरतात आणि जामीन मिळणं फार अवघड होतं. म्हणजे देठ, मुळी, माती यांचं वजन माणसाच्या आयुष्याशी खेळतं. शेंडे वेगळे तोला, असं मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. सही करून मोकळा झालो. ते अजून सलतं.

हे आठवायचं कारण, आमच्या भागात पारावर पुन्हा तीच चर्चा ऐकू येते. गांजाला ऊन बाधत नाही, पाणी लागत नाही, मग सरकार आम्हाला लावू का देत नाही? 2021 च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा रीतसर अर्जच केला होता. कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे, तेव्हा 2 एकरांवर लावायची परवानगी द्या. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. मला तसं वाटत नाही. त्यातलं भावाचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. औषध तेवढं चुकीचं आहे.

पाणी लागत नाही, हे मला कुणी सांगू नये. मी पाहिलेली झाडं कालव्याच्या पाण्यावर, उसाचं खत खाऊन वाढली होती. माळरानावर, मुरमात, एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो तेव्हा उघड्यावर ते झाड जगेलही, पण अंगानं भरणार नाही. रोप लहान असताना पाण्याचा ताण पडला की ते खुरटतं. इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यात परवान्यानं गांजा पिकायचा, 1893-94 च्या भांग आयोगानं त्याची चौकशी केली. तेव्हाही ते फुकटचं पीक नव्हतं. नर झाडं वेळेत ओळखून उपटली नाहीत तर शेंड्यांत बी धरून माल जायचा. एवढी मेहनत करून शेवटी वाटेकऱ्याच्या पदरात तुरुंग पडणार असेल, तर ते पीक आपल्या शिवारात नको. जमीनमालकानंही माहीत असून कळवलं नाही तर तो गुन्हाच आहे.

मात्र याच कायद्याचं कलम 14 धागा आणि बियांसाठी लागवडीला वाट ठेवतं. उत्तराखंडनं 2018 मध्ये नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या भांगेला त्या वाटेनं परवाना दिला. महाराष्ट्रानं हीच वाट धरावी, पण हे पीक थेट शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नये. कारण बी. हे झाड दिवस लहान झाले की फुलतं. थंड मुलखात धाग्यासाठी तयार केलेली जात तिथल्या उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांवर वाढते. आमच्याकडे वेळापुरात जूनमधला सगळ्यांत मोठा दिवस 13 तासांच्या थोडा वर. ती जात इथं गुडघ्याएवढी असतानाच फुलोऱ्यात येईल, मग धागा कशाचा काढणार? इथल्या दिवसाला, इथल्या उन्हाला मानवणारी जात आधी शोधावी लागेल.

ते काम करणारी माणसं याच जिल्ह्यात होऊन गेली. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. रब्बी ज्वारीची मालदांडी 35-1 मोहोळच्या केंद्रात निवडली गेली, आणि अजून लोक तिचीच भाकरी मागतात. ज्या मोहोळनं कोरड्या रानाला ज्वारी दिली, तिथल्याच शेतकऱ्याला गांजाचा अर्ज लिहावा लागला, याची लाज वाटायला हवी ती भाव न देणाऱ्या व्यवस्थेला.

आणि भांगेची चाचणी घ्यायचीच तर शेजारच्या सरीत अंबाडीही घ्या. आमच्या लहानपणी ती तुरीच्या कडेनं असायचीच. कोवळी पानं भाजीला, झाडं डोहात कुजवून साल सोलायची, म्हातारी माणसं मांडीवर वाख वळत बसायची. बेंदराला बैलांना नवे कासरे त्याचेच. नायलॉन आलं आणि वाख गेला. अंबाडीला परवाना लागत नाही, पोलीस येत नाहीत, फक्त घेणारं गिऱ्हाईक आणि ठरलेला दर हवा.

माझं 20 गुंठ्यांचं एक रान आहे. मुरमाड, फाट्याचं पाणी तिथं चढत नाही. संशोधन केंद्रानं रीतसर परवाना काढून दोन्ही पिकं तिथं पेरावीत. तीन हंगाम मी रान मोकळं ठेवायला तयार आहे, भाडं नको. शेवटी धागा किती निघाला आणि कुणी कितीला घेतला, हा हिशेब तेवढा गावापुढं मांडावा.