‘केवळ साधन’ नावाची सबब

मानव्यविद्यांच्या संशोधनात संगणक हे ‘केवळ साधन’ आहे, असे विधान आपल्या चर्चासत्रांतून इतक्या सहजपणे केले जाते की, ते विधान नसून सबब आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. संहिता टंकित करणे, तिचे संकेतन करणे, शोधप्रणाली रचणे ही तंत्रज्ञाची कामे. अर्थनिर्णय मात्र अभ्यासकाचा, अशी ही श्रमविभागणी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती सैद्धांतिकदृष्ट्या चुकीची व नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती मुळात भिन्न असतात. हा भेद मिटवण्याची सोय शोधप्रणालीत केलेली नसेल, तर एक रूप शोधणाऱ्यास दुसरे सापडत नाही, आणि सापडले नाही हेही कळत नाही. तीच गत अनुस्वारांची. 1962च्या लेखननियमांपूर्वीचे ‘नाहीं’ आणि नंतरचे ‘नाही’ एक मानायचे की दोन? एक मानले तर लेखनाचा इतिहास पुसला जातो; दोन मानले तर वारंवारितेचे आकडे दुभंगतात. हा निर्णय म्हणजे पाठचिकित्साच होय. तो घेणाऱ्याचे नाव मात्र बहुधा ऋणनिर्देशातही नसते.

ही उपेक्षा जुनी आहे. फादर रॉबेर्तो बूसा ह्यांनी 1949 साली आयबीएमकडे साहाय्य मागितले. त्यातून थॉमस अक्विनासच्या लेखनाची 56 खंडांची शब्दसूची साकारली. तिच्यासाठी छिद्रपत्रे तयार करणाऱ्या तरुण स्त्रियांची नावे दीर्घकाळ अज्ञातच राहिली.

तंत्रज्ञाला साहित्य कळत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा मानला, तर संहितेचे निर्णय त्याच्यावर सोपवून मोकळे होणाऱ्या अभ्यासकाचा बेजबाबदारपणा अधिकच गंभीर ठरतो. खोटा मानला, तर त्याला सहसंपादक म्हणणे भाग आहे. तिसरा मार्ग नाही.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी आदिपर्वास जोडलेली 1933ची प्रस्तावना हस्तलिखितांचे परस्परसंबंध व पाठनिवडीची तत्त्वे उघडपणे मांडते. तिचा अभिमान बाळगणारे आपण संगणकीय संग्रह वापरताना मात्र मूळ प्रत कोणती, लेखन कोणत्या नियमाने बदलले, हे विचारीतही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. संगणकाधारित प्रत्येक प्रबंधात संकेतनाचे नियम नोंदवावेत. वापरलेली संहिता तपासणीसाठी जमा करावी. आणि ज्याने ती सिद्ध केली त्याचे नाव संपादक म्हणून छापावे. हे न करता काढलेले निष्कर्ष आकडेवारीने कितीही सजवले, तरी त्यांचा आधार अतपासलेलाच राहतो. आणि अतपासलेल्या संहितेवर उभ्या राहिलेल्या समीक्षेला संशोधन म्हणता येत नाही.