प्रतीक्षेचा कर

प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यावर वेळेचे बंधन किती कडक असते, हे आपण सर्वजण जाणतो. केंद्रावर पाच मिनिटे उशिरा पोचणाऱ्या मुलीसमोर फाटक बंद होते आणि तिचे वर्ष बुडते. या कठोरपणाचे समर्थन शिस्तीच्या नावाने केले जाते. ते मान्य केले, तर एक साधा प्रश्न उरतो. जी शिस्त विद्यार्थ्याला, ती परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला का नाही?

२०२४ सालचा अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी सामाईक परीक्षा, म्हणजे सीयूईटी, त्या वर्षी २९ मे रोजी संपली. निकाल ३० जूनला लागावयाचा होता; तो लागला २८ जुलैला. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची कथा याहून विचित्र. ५ मेच्या परीक्षेचा निकाल १४ जूनला अपेक्षित असता तो दहा दिवस आधीच, ४ जूनला, जाहीर झाला. ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण पडले होते. पेपरफुटीच्या तक्रारी झाल्या, १५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण मागे घेऊन त्यांना फेरपरीक्षेची संधी द्यावी लागली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २३ जुलैला संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी फेटाळली आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला. पूर्ण गुण मिळविणारे आता १७ उरले होते. म्हणजे परीक्षेपासून ८२ दिवस सुमारे २३ लाख मुलामुलींना आपले गुण नेमके किती, हे खात्रीने ठाऊक नव्हते. एके ठिकाणी निकाल लागला नव्हता, तर दुसरीकडे तो लागूनही लागलेला नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, घाईच्या चुकीच्या निकालापेक्षा उशिराचा अचूक निकाल बरा. हे खरेच आहे. परंतु दहा दिवस आधी लावलेल्या निकालाची जी गत झाली तीवरून दिसते की घाई आणि दिरंगाई या एकाच बेजबाबदारपणाच्या दोन बाजू आहेत. आपली मागणी वेगाची नसून निश्चिततेची आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर प्रतीक्षेलाही किंमत असते आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. ज्या घरात पैसा आहे ते घर अनिश्चिततेविरुद्ध विमा उतरवू शकते. खाजगी विद्यापीठात एक जागा धरून ठेवावयाची, शहरात खोली घ्यावयाची, निकाल मनासारखा लागला की पहिली जागा सोडून द्यावयाची. शेतमजुराच्या किंवा गिरणगावातील निवृत्त कामगाराच्या घराला हा विमा परवडत नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा राहतात. एक, हात जोडून वाट पाहणे. दुसरी, व्याजाने पैसे काढून मिळेल तेथे प्रवेश घेणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत देण्यास सांगितले होते. पण शुल्क परत आले तरी सावकाराचे व्याज कोण परत करणार? शिवाय लातूरपासून कोट्यापर्यंत पुढच्या वर्षाच्या ‘रिपीटर’ तुकड्या कोणाच्या निकालासाठी थांबत नाहीत. सार्वजनिक यंत्रणा रेंगाळते तेव्हा खाजगी दुकानाचा गल्ला भरतो. हा एक प्रकारचा करच आहे. फरक एवढाच, की तो गरिबाकडून वसूल होतो आणि सरकारच्या तिजोरीत जमा होत नाही.

घरातील मुलीच्या बाबतीत हा कर अधिक जाचक ठरतो. ‘निकालाचे काही खरे नाही’ हे वाक्य चार वेळा उच्चारले गेले की, तिच्या शिक्षणाऐवजी स्थळांची चर्चा सुरू होते.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठांवर परीक्षेनंतर ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, निकाल लावण्याचे बंधन घातले आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रयोग फसला आणि निकाल कित्येक आठवडे रखडले, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावे लागले. कायदा मोडला गेला हे खरे. पण कायदा होता म्हणून जाब विचारता आला. केंद्रीय प्रवेश परीक्षांच्या संदर्भात असे काय आहे? जून २०२४ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्यात पेपर फोडणाऱ्यास कारावास आणि दंड आहे, आणि तो असावयासच हवा. परंतु निकाल रखडल्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती तो कायदा काही देत नाही.

तेव्हा पक्षाने तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक प्रवेश परीक्षेच्या निकालास ४५ दिवसांची कायदेशीर मर्यादा असावी. ती ओलांडली गेल्यास लेखी कारणे आणि नवी तारीख मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करण्याची सक्ती असावी. आणि सार्वजनिक परीक्षेचा अंतिम निकाल लागेपर्यंत त्या विद्यार्थ्यांकडून खाजगी संस्थांनी पूर्ण शुल्क घेऊ नये. अर्थात, मूळ दुखणे जागांच्या टंचाईचे आहे. २०२४ साली सुमारे २३ लाख परीक्षार्थी होते आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून किंचित अधिक, त्यांतही सरकारी निम्म्याच्या आसपास. हे प्रमाण बदलल्याखेरीज कोणताही निकाल न्याय्य ठरणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. दरम्यान कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. निकालापूर्वीचे आठवडे हे कागदपत्रांचे आठवडे असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांवाचून हाती आलेली जागा निसटते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी पक्ष कार्यालयात टेबल मांडून बसणे कोणत्याही शाखेला शक्य आहे. पालकांना कर्जापासून परावृत्त करावे, गावाजवळच्या महाविद्यालयात अल्प खर्चाचा प्रवेश घेऊन ठेवण्यास सांगावे, आणि मुलांना उद्देशून एवढे निक्षून सांगावे की हा विलंब म्हणजे त्यांच्या योग्यतेवरचा शेरा नव्हे. एकट्याने वाट पाहणारा मुलगा खचतो. पन्नास जण एकत्र बसून वाट पाहू लागले की ते तारीख मागू लागतात, आणि तारीख मागणे हीच नागरिकत्वाची पहिली पायरी आहे.